एका वेळी एकच माप

चौथीनंतर मी शाळेत गेलो नाही, पण माझ्या हातच्या कोटाला कोल्हापुरात कुणी नावं ठेवली नव्हती. दुकानात नियम एकच. एकाचं माप पुरतं झाल्याशिवाय दुसऱ्याला टेप लावायचा नाही. दुसरा बाकावर बसतो, आमदार असला तरी.

सून कॉम्प्युटर शिकून आलेली. लांबच्या गिऱ्हाइकांनी मोबाइलवरच माप भरावं म्हणून तिनं वेबसाइट करायला घेतली. आधी छाती, मग खांदा, मग बाही, एकेक पान पुढं. मला विचारलं, "अब्बा, एका टायमाला दोघं आली तर?"

"दुसरा बसंल की बाकावर."

"तिथं बाक न्हाय, अब्बा. सगळी एकदमच आत येत्यात. प्रत्येकाचं माप येगळं धरून ठेवायला लागतंय. त्याला आणखी महिना जाईल."

"लग्नसराई तोंडावर हाय. माझं दुकान, माझा नियम."

तिनं मान खाली घातली आणि सगळ्यांची मापं ठेवायला एकच जागा केली.

शाहूवाडीकडचा एक नवरदेव आणि बिद्रीचा एक पैलवान एकाच दुपारी माप भरायला बसले. नवरदेवाच्या छातीच्या मापावर पैलवानाचं माप चढलं. नवरदेवाच्या मापाचा छापील कागद हातात आला तेव्हा मला खटकलं होतं. छाती पैलवानाची, बाही पोरगेल्या माणसाची, असं अंग नसतं. पण फोन करून माप परत विचारायचं म्हणजे कमीपणा. तसंच कापड कापलं.

हळदीच्या दिवशी नवरदेव दुकानात कोट घालून उभा राहिला. त्याचा मामा म्हणाला, "मास्तर, नवरीबी ह्यातच उभी करायची काय?"

बाकावरची माणसं हसली. मी म्हणालो, "आमच्या सुनंचा घोळ हाय ह्यो. माझ्या हाताचा न्हाय."

सून तिथंच बसली होती. तिनं वर बघितलं नाही.

पुढं महिनाभर खपून तिनं प्रत्येकाच्या मापाला वेगळी जागा केली. मग कुणी मागचं पान उघडलं की भरलेलं माप पुसलं जायचं. ते सुधारलं, तर कुणाच्या जुन्या मोबाइलवर पानच उघडेना. विरलेल्या कापडाला ठिगळ लावावं आणि शेजारी फाटावं, तसं. तोवर माप भरायला कुणी येतच नव्हतं. तिनं वेबसाइटच बंद केली.

आता ती दुकानात काज-बटण करते. परवा एक कोट माझ्यापुढं धरून म्हणाली, "अब्बा, माप बरोबर हाय न्हवं?" पूर्वी ती असं विचारत नव्हती.

मी "व्हय" म्हणालो. तो घोळ तिचा नव्हता, माझा होता, हे तेव्हा सांगता आलं असतं. पण बाकावर गिऱ्हाईक बसलं होतं.