सशाची सुटका आणि बार्शीचा ट्रंककॉल

मंडळी, आज स्टाफरूमच्या या भित्तिपत्रकावर कविता नाही. सकाळी आपल्या प्रयोगशाळेत जे झालं ते लिहिते आहे. वाचल्याशिवाय चहाला जाऊ नका.

प्राण्यांची देखभाल करणारे मल्लप्पा धावत आले. "बाई, पांढऱ्या सशाचं कंबरडं मोडलंय. लई तडफडतोय. सोडवा की त्येला!"

मी पाहिलं. ससा वाचणार नव्हता. झोपेचं इंजेक्शन कपाटात होतं. पण कुठल्याही प्राण्याला मरण द्यायचं तर विभागप्रमुखांची लेखी परवानगी लागते, आणि सर लग्नाला बार्शीला गेलेले.

नियम वाईट नाही. पूर्वी कुणीही उठून जनावरं मारायचं, म्हणून तो आपणच मागून घेतला. हात वर करणाऱ्यांत मी पहिली होते.

बार्शीला ट्रंककॉल लावला आणि फोनपाशी बसून राहिले. मल्लप्पा पिंजऱ्यापाशी बसले, या सोलापूरच्या उन्हात गोणपाट भिजवून सशाला गारवा देत.

दुपारी कॉल लागला. सर लगेच म्हणाले, "अहो, द्या की इंजेक्शन! आल्यावर सही करतो."

मी धावत गेले. ससा आधीच गेला होता; मल्लप्पांनी ते ओलं गोणपाट त्याच्या तोंडावर ओढलं होतं.

सर परगावी असताना परवानगी कुणी द्यायची, हे नियम करताना आपल्यापैकी एकालाही सुचलं नाही. उद्या ते येऊन सही करतील, फाइल पूर्ण होईल.

ती सही कुणासाठी, तेवढं मला सांगा.