धोंडीबांच्या नावाआधीची जागा

आष्ट्यात धोंडीबा पेंटरांनी रंगवलेली पाटी लांबून ओळखू यायची. तिच्यावरचं शेवटचं अक्षर पहिल्याएवढंच ऐसपैस बसलेलं असायचं. बाकीचे पेंटर पहिल्या अक्षराला उत्साहानं हात घालायचे आणि शेवटी जागा पुरेना म्हणून अक्षरं बारीक करत न्यायचे. एका वाण्याच्या पाटीवरचा ‘भुसार’मधला ‘र’ तर दाराच्या चौकटीवर उतरला होता, आणि तो वाणी असेपर्यंत तिथंच राहिला. धोंडीबांचं तसं नव्हतं. खडूत बुडवलेली दोरी ताणून आधी रेघ मारायची, सगळ्यांत लांब शब्द कोणता ते बघायचं, त्याला जागा ठेवायची आणि मगच डबा उघडायचा. त्यांचा मुलगा प्रबुद्ध लहान असताना दोरीचं दुसरं टोक धरून उभा असायचा आणि कंटाळून एका पायावरून दुसऱ्या पायावर व्हायचा.

“आबा, लिवा की आता.”

“लिवायला काय लागतंय गड्या. जागा सोडायला डोस्कं लागतंय.”

प्रबुद्ध शिकला, डिप्लोमा झाला, आणि अठ्ठ्याण्णव साली सांगलीत विश्रामबागेत जयराज नावाच्या तरुण मालकाकडे कामाला लागला. जयराजनं इंटरनेटवर ‘गावपान’ काढलं होतं. साताऱ्या-सांगलीकडची जी माणसं मुंबईला, बडोद्याला, आखातात पोटासाठी गेली, त्यांना तिथं बसून गावाकडची लग्नं, बारशी आणि मयतीच्या बातम्या फोटोसकट वाचता याव्यात, म्हणून. मयतीची बातमी तेरा दिवस राहायची, मग आपोआप निघून जायची, कारण यंत्रात जागा थोडी.

ते यंत्र म्हणजे सर्व्हर. कचेरीच्या मागच्या खोलीत एक पेटी चोवीस तास चालू ठेवलेली. लांबून कुणी पान मागितलं की ती काढून द्यायची. तिला हे शिकवणारा प्रोग्राम प्रबुद्धनं एकट्यानं लिहिला होता, आणि घरी कुणालाच तो नीट समजावून सांगता आला नव्हता. अंजनाबाई, त्याची आई, शेजारणींना सांगायची, “खुर्चीवर बसून लिवतोय बया कायतरी. हात काळं हुईत न्हाईत, एवढं बरं हाय.”

प्रोग्राम लिहिताना नावाआधी काय लावायचं याची यादी त्यानं कचेरीतल्या छापील फॉर्मवरून घेतली. श्री., सौ., कु., चि., श्रीमती, आणि गेलेल्या माणसाला कै. प्रबुद्धच्या घरी मात्र कुणी वारलं तर त्याला कै. लावत नसत. छप्पन साली धोंडीबा बावीस वर्षांचे होते. धम्म घेतला तेव्हापासून त्यांच्या घरात कैलास नव्हता की वैकुंठ नव्हता. गेलेला माणूस कालकथित. विहाराच्या भिंतीवर हा शब्द धोंडीबांनीच कितीदा रंगवला होता. प्रबुद्धला तो आठवला नाही असं नव्हे. पण नोकरी नवी होती, कचेरीत सगळी दुसऱ्यांची माणसं, आणि पहिल्याच आठवड्यात आपण होऊन ‘आमच्यात असं म्हणतात’ म्हणायला त्याची जीभ वळली नाही. यादीतला सगळ्यांत लांब शब्द श्रीमती. काना, वेलांटी, अक्षराचा दांडा आणि शब्द संपल्याची खूण, यंत्रात प्रत्येकाला एकेक खण लागायचा; श्रीमती बसेल अशी आठ खणांची जागा त्यानं आखली आणि पुढं गेला.

पुढं चारसहा महिन्यांनी टायपिंग करणारी शिवांजली म्हणाली, “सर, लोक वेगवेगळे शब्द लिहून पाठवतात. मला यादीतून निवडायला लावू नका, जे पाठवतील ते टाइप करू द्या.” त्यानं तसं करून दिलं. आठ खण मात्र आठच राहिले.

मग सर्व्हर पडायला लागला.

पडायचा म्हणजे चालता चालता गप्प व्हायचा. पुन्हा उठवला की बिनतक्रार कामाला लागायचा. कधी दिवसातून तीनदा पडणार, कधी महिनाभर ठणठणीत, आणि प्रबुद्ध समोर बसला की शहाण्या लेकरासारखा वागणार. लाईट कमीजास्त होते म्हणून नवी बॅटरी आणली. उकाड्यानं होतंय म्हणून पंखा लावला. मेमरीची पट्टी बदलली. शेवटी जयराजनं पेटीला लिंबू-मिरची बांधली. आबांना कळलं असतं तर त्यांनी ती पंख्यासकट उतरवली असती.

सर्व्हर एक वही लिहीत असे. कुणी कुठलं पान नेलं त्याची प्रत्येकी एक ओळ. सर्व्हर पडला की प्रबुद्ध वहीतली शेवटची ओळ बघायचा आणि ते पान उलटंपालटं करून तपासायचा. आज आष्ट्याचं लग्न, उद्या औंधची यात्रा. पानात काही दोष सापडायचा नाही. ती ओळ पान पुरतं पोचल्यावर लिहिली जाते, हे त्याला माहीत होतं. पण माहीत असलेलं वेळेला आठवतंच असं नाही. ज्या पानापायी सर्व्हर पडला ते पोचलेलंच नसायचं, म्हणून त्याचं नाव वहीत यायचं नाही. यायचं ते त्याच्या आधीच्या बिचाऱ्याचं. सात महिने तो निरपराध पानांची झडती घेत होता.

याच सात महिन्यांत बडोद्याहून एका महेंद्रचा फोन आला होता. तो तिथं कारखान्यात फिटर होता. त्याची आई अंबूबाई रहिमतपूरकडच्या खेड्यात वारली, तिच्या मातीला तो पोचू शकला नव्हता.

“आवं सायेब, आमच्या आईचं पान उघडंना झालंय. तीन दीस झालं हितल्या इंटरनेटच्या दुकानात येतुया.”

प्रबुद्धनं वही बघितली. तिच्यात बडोद्याची ओळच नव्हती. “तुमच्याकडची लाईन खराब असेल,” तो म्हणाला. “दुसऱ्या दुकानातून बघा.”

“बरं,” महेंद्र म्हणाला. आणखी चार दिवसांनी त्याचा पुन्हा फोन आला, आणि प्रबुद्धनं पुन्हा तेच सांगितलं. मग तेरा दिवस भरले.

प्रत्येक दुरुस्तीनंतर प्रबुद्ध एका ठरलेल्या बातमीवर प्रोग्राम तपासून बघायचा. तिला फोटो हवा होता, आणि त्याच्याजवळ आबांचाच एक होता, सांगलीच्या स्टुडिओतला, टोपी जरा तिरकी. ‘श्री. धोंडीबा, आष्टा’ असं लिहून त्यानं ती बातमी हजारदा उघडली असेल. मयतीचा शब्द लावून फोटोसकट एकदा तपासायला हवं, हे त्याच्या मनात आलंही होतं. एका रविवारी घरी जेवताना तो ते सहज बोलून गेला, तर अंजनाबाईनं भाकरी थापायची थांबवली.

“जित्या माणसाच्या नावाफुडं तसलं लिवतोस काय रं?”

धोंडीबा हसले. “लिवू दे की. मी काय लगीच जातुया?”

पण प्रबुद्धनं लिहिलं नाही. मयतीचे शब्द त्यानं फोटो न लावता, ‘कै. अमुक’ म्हणून एकदा तपासले, आणि ते नीट चालले.

नव्याण्णवच्या नोव्हेंबरात धोंडीबा गेले. शाळेची पाटी रंगवून शिडीवरून स्वतःच्या पायांनी खाली उतरले, ब्रश रॉकेलमध्ये धुतला, पायरीवर बसले आणि कलंडले. पाटी पुरी झाली होती. गावात लोक तेच सांगत राहिले, जसं काही त्यानं दुःख कमी होणार होतं.

प्रबुद्धची धाकटी बहीण पिंकी मस्कतला दवाखान्यात नर्स होती. सुट्टी मिळेना, पासपोर्ट मालकाकडे. तिनं शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला तेव्हा बराच वेळ नुसतं रडणंच ऐकू येत होतं.

“दादा, मी चार वरसं झाली आबाला बघितलं न्हाई. त्यांचं तोंड तरी दाव मला.”

“गावपानावर लावतो,” प्रबुद्ध म्हणाला. “तू शुक्रवारी दुकानात जा. माणसाला नुसतं नाव सांग, तो उघडून देईल.”

तिला शुक्रवारचीच सुट्टी असे, आणि तीही पुढच्या आठवड्यापासून रात्रपाळी लागून जाणार होती. फोटो टपालानं पाठवावा तर अंजनाबाई तो उशाशी घेऊन झोपत होती.

आबांचा जलदान विधी मंगळवारी झाला. बुधवारी सकाळी प्रबुद्ध कचेरीत आला. शिवांजली म्हणाली, “सर, मी टाइप करते,” तर त्यानं नको म्हटलं. नवीन काही लिहायचंच नव्हतं. चाचणीची बातमी तयारच होती: तेच नाव, तोच फोटो, तीच तिरकी टोपी. त्यानं फक्त ‘श्री.’ खोडलं आणि तिथं ‘कालकथित’ लिहिलं. पान उघडलं.

सर्व्हर पडला.

त्यानं तो उठवला, पुन्हा पान उघडलं. पुन्हा पडला. सात महिने जे त्याला एकदाही समोर बघायला मिळालं नव्हतं, ते आता तो बटण दाबील तितक्या वेळा होत होतं. दहा वेळा आबांचं पान उघडलं, दहा वेळा पेटी गप्प झाली.

जयराज मागं येऊन उभा राहिला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “अरे, त्या शब्दावर अडतंय ना? मग कै. लिही. पान लगेच उघडेल. बहिणीला फोटोच बघायचाय, काय फरक पडतो?”

प्रबुद्धनं ‘कै.’ लिहून बघितलं. पान उघडलं. आबा तिरकी टोपी घालून हसत होते आणि त्यांच्या नावाआधी तो शब्द होता. मिनिटभर त्यानं ते तसंच ठेवलं. मग खोडलं.

“फरक पडतो,” तो म्हणाला. “आबांनी छप्पन साली तो पाडून घेतला होता.”

जयराजला हे कितपत कळलं कोण जाणे, पण तो खुर्ची ओढून शेजारी बसला. प्रबुद्ध मात्र ‘श्री.’ चालतं, ‘कै.’ चालतं आणि ‘कालकथित’ चालत नाही, याच्याकडे बघत राहिला. अक्षरं मोजावीत म्हणून त्याचं बोट आपोआप पडद्यावर फिरलं आणि शेवटच्या अक्षरावर थांबलं. शेवटचं अक्षर बसायला जागा नव्हती. त्यानं आठ खण आखले होते आणि शब्दाला अकरा लागत होते. उरलेले तीन शेजारच्या घरात घुसत होते, आणि शेजारच्या घरात लिहिलेलं होतं फोटो कुठं ठेवलाय ते. त्यावर अक्षरं चढली की सर्व्हर फोटो आणायला भलत्याच ठिकाणी जायचा आणि तिथंच कोसळायचा. फोटो नसेल तर शेजार रिकामा, घुसलं तरी कुणाचं बिघडत नव्हतं. म्हणूनच कधी पडायचा, कधी नाही. पेंटराच्या पोरानं ‘भुसार’चा ‘र’ चौकटीवर उतरवला होता, आणि तोही स्वतःच्या घरातल्या शब्दाचा.

आठ खण प्रोग्रामात एका जागी नव्हते, चौदा जागी होते. गुरुवारी संध्याकाळपर्यंत त्यानं एकेक काढून तिथं चौसष्ट केले. लागतील त्याहून कितीतरी जास्त, पण आता त्याला मोजामोजी नको होती.

शुक्रवारी दुपारी तो वहीसमोर बसला. दोन वाजता मस्कतची एक ओळ आली: धोंडीबांचं पान, फोटोसकट, पुरतं पोचलं. थोड्या वेळानं तीच ओळ पुन्हा. मग पुन्हा. दुकानवाला तासाचे पैसे घेत असेल, पण पिंकी उठत नव्हती. सर्व्हर एकदाही पडला नाही. पाच वाजेपर्यंत एकतीस ओळी झाल्या, आणि प्रबुद्ध त्या दिवशी, बाप गेल्यावर आठ दिवसांनी, पहिल्यांदा रडला. शिवांजलीनं उठून दार लोटून घेतलं.

त्यानंतर त्यानं जुनी टिपणं काढली. ज्या ज्या दिवसांत सर्व्हर पडत होता, त्या दिवसांत काय काय लावलं होतं ते बघितलं. अकरा कालकथित, फोटोसकट, आणि त्यांत बडोद्याच्या महेंद्रची आई अंबूबाई. त्यांची पानं दुसरं कुणी कशाला उघडणार? लांब गेलेलं त्यांचं माणूसच उघडायचं, आणि त्यानं उघडलं की सर्व्हर पडायचा. फोटो तेरा दिवसांनी पुसले गेले होते.

महेंद्रच्या कारखान्याचा नंबर कचेरीतल्या फोनच्या डायरीत होता. त्यानं फोन लावला.

“महेंद्रभाऊ, मी विश्रामबागेतनं बोलतोय, गावपानातनं. तुमच्या आईचा फोटो परत पाठवाल का? पुन्हा लावतो. आता उघडेल.”

पलीकडे यंत्रांचा खडखडाट ऐकू येत होता. “फोटू कुठला आता? त्यो एकच हुता. घरी आलावता तुमच्याकडनं, पर अवंदा पावसात भिताड बसलं, त्यात गेला.”

मग जे सांगायला फोन केला होता ते प्रबुद्धनं सांगितलं. “तेव्हा तुमची लाईन खराब नव्हती. चूक आमचीच होती. माझीच होती.”

“व्हय का?” महेंद्र म्हणाला. “मी त्या दुकानवाल्याला लय बोललो हुतो हो. जाऊन सांगतो त्याला.”