वृषाली बिऱ्हाडे सोनौली ओलांडते

वृषाली बिऱ्हाडेला एका जागी बसलेलं दोंडाईच्यात फारसं कुणी पाहिलेलं नाही. आरोग्यसेविकेच्या नोकरीला तिची तेवीस वर्षं झाली. बाळंतिणी, लसीकरण, तापाच्या साथी यांच्यामागे तिने आसपासची खेडी आधी एसटीने आणि पुढे स्वतःच्या स्कूटीवर पालथी घातली. लग्न केलं नाही. आई नर्मदाबाई जळगावला मेहरूणमध्ये राहते, धाकटा भाऊ जीवन आणि भावजय सपना यांच्याकडे. वृषाली दर शनिवारी तिकडे जाते, आणि रविवारचं जेवण होतं न होतं तोच परतीच्या गाडीची वेळ विचारू लागते.

"तुन्हा पायस्ले चैन नही शे," आई तिच्या अहिराणीत म्हणते.

तीन वर्षांपूर्वी ती बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर आणि लुंबिनी अशा सहलीला गेली होती. धरणगावहून बस निघाली तेव्हा त्रेचाळीस माणसं होती, आणि त्यातल्या कुणालाही काही झालं तरी हाक एकच, "सिस्टर!" कुणाचा रक्तदाब, कुणाच्या पायाला गोळे. कुशीनगरला दोन म्हाताऱ्यांना जुलाब सुरू झाले. सहलीच्या प्रमुखांनी हात जोडले, "ताई, तुम्ही थांबा यांच्याजवळ. आम्ही लुंबिनी करून उद्या येतोच." वृषाली थांबली. धर्मशाळेच्या खोलीत ती दीड दिवस साखर-मिठाचं पाणी पाजत बसली. बाकीचे नेपाळातून परत आले ते फोटो दाखवतच.

कुणावर रागवावं असं त्यात काही नव्हतं, म्हणूनच तो राग आत साचून राहिला. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता तिने घरी सांगून टाकलं, "मी लुंबिनीला जाणार. रस्त्याने. एकटी."

जीवनने हातातला टीव्हीचा रिमोट खाली ठेवला. "एकटी? अक्का, तो दुसरा देश आहे."

"तठे तुन्हं कोण शे?" आईने विचारलं.

"इथं तरी खेड्यापाड्यांत माझं कोण होतं?" वृषाली म्हणाली. "पावसापाण्याची एकटी जायचे, तेव्हा कुणी विचारलं नाही. ते काम होतं म्हणून?"

सपनाने वही काढली आणि म्हणाली, "मग नीट ठरवू या, अक्का. कुठून कुठे, काय काय."

आणि तिथून वृषालीची झोप उडाली. नेपाळच्या सीमेवर मतदार ओळखपत्र चालतं असं तिला कळलं, पण तिच्या ओळखपत्रावर नाव छापलं होतं 'ऋषाली'. नुसतं आधार दाखवून भागणार नव्हतं. म्हणून तिने पासपोर्टला अर्ज केला. चौकशीला पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. तिथले हवालदार तिच्या चांगल्या ओळखीचे.

"कोणासोबत जाणार, ताई?"

"एकटी."

"म्हणजे भाऊ, भाचा, कुणीतरी..."

"भाऊ, तुमच्या मेव्हणीच्या बाळंतपणाला पहाटे चारला कोण आलं होतं? माझ्यासोबत कोण होतं तेव्हा?"

हवालदार हसले. "कुणी नाही," म्हणाले, आणि कागद पुढे सरकवला.

पासपोर्ट आला तरी जीव थाऱ्यावर येईना. ती पिशवी भरायची आणि परत उपसायची. लुंबिनीत चंदादीदी नावाची, तिथल्या थारू जमातीची एक बाई पाहुण्यांना खोल्या देते असं तिला एका उपासिकेकडून कळलं होतं. त्या चंदादीदीला तिने पाच वेळा फोन केला. दाराला आतून कडी आहे का? खोली कितव्या मजल्यावर? रस्त्याच्या बाजूला की मागे? घरात आणखी कोण असतं? पाचव्या फोनला चंदादीदी म्हणाली, "दीदी, आप पहले आ तो जाइए." वृषाली ओशाळली, पण वहीत सगळं टिपून घेतलं.

नियम तिने स्वतःच ठरवले. सीमा ओलांडायची ती उजेडात. फोन बंद पडला तर सगळे नंबर कागदावर, एक कागद पिशवीत, एक ब्लाऊजच्या आत. दर चार तासांनी सपनाला निरोप. निरोप चुकला तर जीवनने आधी चंदादीदीला फोन करायचा, मग काठमांडूच्या भारतीय दूतावासाला. तो नंबरही तिने मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवला. नर्मदाबाई येता-जाता त्या कागदाकडे बघायची आणि तोंड फिरवायची.

निघाली ती जानेवारीत. गाडी गोरखपूरला सकाळी आठला पोहोचायची होती. पण उत्तरेत धुकं पडलेलं. गाडी कुठल्या कुठल्या अनोळखी स्टेशनांबाहेर तास तास उभी राहिली. वृषाली दाराशी जाऊन बाहेर बघे, परत येऊन बसे. शेजारच्या बाईने शेवटी विचारलं, "बहनजी, तबियत ठीक है ना?"

गोरखपूरला उतरली तेव्हा दुपारचे सव्वातीन वाजले होते. सोनौलीचा रस्ता तीन तासांचा, आणि अंधार साडेपाचलाच. स्टेशनबाहेर एक जीप भरत होती.

"सोनौली, सोनौली! एक सीट, मैडम, बस एक सीट!"

आत एक म्हातारा होता, एक नवरा-बायको, आणि तान्हं बाळ घेतलेली तरुण बाई. ती बाळंतीण सरकून बसली. "आ जाइए दीदी, हम भी उसी पार जा रहे हैं."

संशय घ्यावा असं त्या जीपमध्ये काहीही नव्हतं. हीच अडचण होती. वृषालीने पिशवी आत ठेवली, एक पाय पायरीवर टाकला. दोन वर्षं ज्याच्यासाठी जीव खालीवर झाला ते ठिकाण आता शंभर-सव्वाशे किलोमीटरवर होतं. आज पोहोचलं की सुटले, असं आतून कुणीतरी ढकलत होतं.

आणि तिला ओळखीचं वाटलं ते ढकलणं. भीती नव्हती ती, घाई होती. बऱ्याच वर्षांपूर्वी शिंदखेड्याच्या अकराच्या मीटिंगला उशीर होईल म्हणून तिने पूर आलेल्या नाल्यात पाय घातला होता. लशींचा डबा वाहून गेला. ती वाचली, कारण एका गुराख्याने तिचा पदर धरून तिला ओढलं. लोक पुढे म्हणायचे, "सिस्टर मोठ्या धाडसी." तिला स्वतःला माहीत होतं की धाडस नव्हतं ते. थांबता न येणं होतं.

तिने पिशवी बाहेर काढली.

"क्या हुआ मैडम? अंधेरे से डर गईं?" ड्रायव्हर हसला.

"कल जाऊँगी," ती म्हणाली. जीप निघाली. बाळंतिणीने मागे वळून हात हलवला, आणि वृषालीला रडूच आलं. ती जीप सुखरूप पोहोचली असणार, याबद्दल तिला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

स्टेशनसमोरच्या एका हॉटेलात तिने खोली घेतली, कडी तपासली, दाराला खुर्ची लावली आणि सपनाला फोन केला. "आज अलीकडेच थांबले गं."

"बरं केलं, अक्का."

"बरं कसलं. जीव नुसता तुटतोय."

सकाळी साडेपाचच्या बसने ती निघाली. सोनौलीला नऊ वाजता धुक्यात ट्रकांची न संपणारी रांग उभी होती. सपनाला निरोप धाडून ती पासपोर्ट हातात धरून सीमेवरच्या कमानीपाशी गेली. सायकली चालल्या होत्या, डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया चालल्या होत्या, आणि कुणी कुणाला विचारत नव्हतं. वृषालीलाही कुणी विचारलं नाही. ती सरळ पलीकडे पोहोचली.

तिला ते खपेना. ती चार पावलं मागे आली आणि नेपाळी पोलिसासमोर पासपोर्ट धरला. "देखिए तो."

पोलिसाने चार पानं उलटली. सगळी कोरी. "इंडियन? ठीक है, जाइए."

"अकेली हूँ," तिने सांगितलं. का सांगितलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"तो?" तो म्हणाला आणि पुढच्या ट्रककडे वळला.

पलीकडे घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. भारतातलं सिम इकडे चालेना, आणि सिमकार्डाच्या दुकानात मशीन बंद होतं, दुकानदार म्हणाला अर्धा तास बसा. बसायचं म्हटल्यावर तिला पुन्हा घाई झाली. लुंबिनीला पोहोचून चंदादीदीच्या फोनवरून करू, असं म्हणून ती बसमध्ये चढली. भैरहवाच्या पुढे उसाची एक ट्रॉली रस्त्यात आडवी झाली होती. बस दोन तास जागची हलली नाही.

लुंबिनीच्या थांब्यावर उतरली तर एक जाडजूड बाई स्वेटरवर शाल घेऊन उभी होती, तिने येणाऱ्या प्रत्येक बसच्या दारात डोकावणं चालवलं होतं. "आप वृषाली? आपके भाई का चार बार फोन आया! मैं घंटेभर से खड़ी हूँ."

तिच्याच फोनवरून वृषालीने घरी फोन लावला. जीवनचा आवाज फाटला होता. "अक्का, चार तास म्हणजे चार तास! नियम तूच केला होता ना? मी आता दूतावासाला लावणार होतो."

"चुकलं माझं," वृषाली म्हणाली. धाकट्या भावाला हे ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती.

मग आई फोनवर आली. "पोचनी का?"

"पोचनी, माय."

"जेवनी का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती महामायेच्या मंदिरात गेली. लाकडी पुलावरून रांग हळूहळू सरकते, खाली जुन्या विटांचे थर, आणि जन्माच्या जागेचा दगड काचेखाली. तिने हात जोडले, त्रिशरण पुरतं म्हणून होण्याआधीच मागच्यांनी पुढे सरकवलं. बाहेर तळ्याकाठच्या झाडाखाली लोक डोळे मिटून बसले होते. तीही बसली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. मन निवेल, काहीतरी आत उतरेल अशी तिची समजूत होती. उतरलं नाही. पायांना मुंग्या आल्या, उद्याच्या बसचा विचार आला. तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटी ती उठली आणि चालू लागली. तिथे देशोदेशींचे विहार लांबच लांब पसरले आहेत. ब्रह्मदेशाचा, थायलंडचा, श्रीलंकेचा. ती संध्याकाळपर्यंत चालत राहिली, मधल्या कालव्याच्या काठाने, सारस पक्षी चरत होते त्या ओल्या गवतातून. कुणी हाक मारली नाही. कुणाची नाडी बघायची नव्हती. चालता चालता कधीतरी तिच्या लक्षात आलं की बराच वेळ आपण कशाचाच विचार केलेला नाही.

एका मुक्कामाला गेलेली ती तीन दिवस राहिली. मुक्काम वाढवला तो मात्र प्रत्येक वेळी आधी घरी कळवून.

आता वर्ष होत आलं. अमळनेर, पाचोरा, धुळे, कुठून कुठून बायका तिला फोन करतात. कुणाला पशुपतिनाथाला जायचंय, कुणाला नुसतंच जायचंय. ती फोनवर येरझारा घालत बोलते, त्यांना ओळखपत्रावरचं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवायला लावते, आणि म्हणते, "गाडीला उशीर झाला तर कुठे थांबणार, ते आधी सांगा. पोहोचायचं नंतर बघू."

गेल्या रविवारी मेहरूणला जेवण झाल्यावर तिने सपनापुढे नवा नकाशा पसरला. बंगालातलं जयगाव, आणि कमानीपलीकडे भूतान. तिथे परवाना लागतो, तो कसा मिळतो याची माहिती तिने काढली होती. पलीकडच्या गावाचं नाव मात्र तिला काही केल्या उच्चारता येईना.

"फुन्त... फुंत्शो..."

"फुंत्शोलिंग," जीवन पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "तिथल्या दोन गेस्टहाउसांना मी काल फोन लावला होता. एकाच्या दाराला आतून कडी नाही."