डाव्या चाकाची घरघर

माझ्या दादाला सगळे हातोडा म्हणतात. तोंडावर मात्र मिस्त्री म्हणतात, कारण प्रत्येकाला आपापले दात प्यारे असतात. त्यानं पान्हा फेकून समोरच्या दुकानाची काच फोडली आहे, एका ट्रकवाल्याचं नाक फोडलं आहे, आणि सुरू न होणाऱ्या इंजिनाला लाथ घालून स्वतःचा अंगठा मोडून घेतला आहे. नंतर महिनाभर लंगडत होता आणि त्याचाही राग आमच्यावरच काढत होता.

आमचे वडीलही मिस्त्रीच. त्यांचा हात फार चालायचा आणि तो नेमका कानावर बसायचा. समोर उभं राहून उजव्या हातानं मारलं की डावाच कान सापडतो. दादाला नुकतं मिसरूड फुटलं होतं, तेव्हा एकदा त्याच्याकडून चाकाचे नट ढिले राहिले. त्या दिवशीच्या थपडेनं त्याचा डावा कान कायमचा गेला. मी दाराआडून सगळं पाहिलं. घराबाहेर कुणाला हे कधी कळू दिलं नाही.

एकाच कानानं ऐकणाऱ्याला आवाज येतो, पण कुठून येतो ते समजत नाही. दादाला जगातला प्रत्येक आवाज उजवीकडूनच येतो. आणि आमच्या गॅरेजचं नाव तर आवाज ओळखण्यासाठी! वडिलांची पद्धत अशी होती: गिऱ्हाइकाला शेजारी बसवायचं, गाडी मोकळ्या रस्त्यावर काढायची, कुणी चकार शब्द काढायचा नाही, आणि परत आलं की खाली उतरून एका चाकाकडे बोट दाखवायचं. वडील गेल्यावर हे दादाच्या गळ्यात पडलं. मग मी मागच्या सीटवर बसायला लागले. आवाज डावीकडचा असला की त्याच्या डाव्या खांद्याला हळूच बोट लावायचं, उजवीकडचा असला की उजव्या. गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. बहीण सोबत कशाला, असं कुणी विचारलंच तर हा म्हणायचा, ''तिला जरा हवा लागते.''

एकदा बोट लावायला मला उशीर झाला आणि तो गिऱ्हाइकासमोर अडखळला. परत आल्यावर त्यानं रागानं बॉनेट आपटलं. माझं मनगट मध्ये होतं. हाड मोडल्याचा आवाज कुठल्या बाजूनं आला ते मात्र त्याला बरोबर कळलं. त्यानंतर मी त्याच्या गाडीत पाऊल ठेवलं नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

तरी मी दादाला सोडलं नाही, ते त्याच्या पोरीसाठी. तिची आई या रागाला कंटाळून एका सकाळी चपला घालून निघून गेली, ती गेलीच. पोरगी तेव्हा रांगत होती. मी गॅरेजवरच्या खोलीत राहायला आले तेव्हा दादाला एकच अट घातली. म्हटलं, ''भांडी फोड, काचा फोड, पण पोरीच्या कानाला तुझा हात लागला, तर तो हात मी मोडीन.'' तो नुसता स्वतःचा डावा कान चोळत बसला.

आणि खरं सांगते, ती अट त्यानं पाळली. तिच्यावर राग आला की भिंतीवर मूठ मारायचा. आमच्या जिन्याजवळच्या भिंतीला पोपडे नाहीत, खड्डे आहेत. पोरगी त्या खड्ड्यांशेजारी वाढली, आणि तिचा कान असा तयार झाला की गाडी गल्लीच्या तोंडाशी असतानाच म्हणायची, ''आत्या, याचा पंख्याचा पट्टा गेलाय.'' शाळा संपल्यावर ती गॅरेजमध्येच काम करू लागली. मोठी झाली तरी बाप तिला नुसते नट धुवायला द्यायचा.

मग एका कापडवाल्याची पांढरी गाडी आली. गाडीनं जरा वेग घेतला की पुढच्या चाकातून घरघर यायची. दादानं ती फिरवून आणली आणि उजव्या चाकाकडे बोट दाखवलं. पोरगी मागच्या सीटवर बसून गेली होती. ती म्हणाली, ''बाबा, डावीकडून येतोय.''

इथेच सगळं बिनसलं. माझं बोट सुटलं तेव्हापासून दादा अंदाज चुकू नये म्हणून दोन्ही बाजूंचं सामान बदलायचा. पण आता पोरीनं गिऱ्हाइकासमोर डावं म्हटलं होतं. डाव्या चाकाला हात लावणं म्हणजे हार. त्यानं उजवं बेअरिंग बदललं, घरघर तशीच. उजवा टायर बदलला, उजवा ॲक्सल काढला, तरी घरघर तशीच. प्रत्येक वेळी कापडवाला अधिक चिडून परत यायचा.

शेवटच्या वेळी त्यानं गाडी आदल्या दिवशीच आणून सोडली होती. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो आला आणि दारातूनच ओरडला, ''मिस्त्री, म्हातारा झालास तू! धंदा बंद कर!''

दादानं त्याची कॉलर धरून त्याला बॉनेटवर आपटलं. कापडवालाही काही कमी नव्हता. त्यानं हाताला लागलेला टायरचा पान्हा दादाच्या बरगडीत हाणला. दोघंही एकमेकांच्या गळ्याला भिडले, तेलाचा डबा उलटला, आणि मी जिन्यावरून ओरडत खाली आले.

पोरगी मध्ये घुसली. शांतपणे म्हणाली, ''थांबा दोघं. मी सकाळी गाडी फिरवून आणलीय. उजवीकडे वळवली की घरघर वाढते, कारण भार डाव्या चाकावर येतो. डावीकडे वळवली की कमी होते. डावं बेअरिंग गेलंय. बाबा, तुम्हाला कळणार नाही. तुम्हाला डाव्या कानानं ऐकूच येत नाही. लहानपणापासून बघतेय मी.''

आणि कापडवाला हसला. रक्ताळलेल्या ओठांनी फिस्सकन हसला.

दादाचा हात उठला. तो कापडवाल्यावर उठला असता तर मी आज हे सांगत बसले नसते. पोरगी समोर होती, हात उजवा होता, आणि वडिलांचा जिथे बसायचा तिथेच तो बसला.

ती अवजारांच्या टेबलावर आदळली. उठली. रडली नाही. कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. ती म्हणाली, ''आत्या, आवाज कुठे गेला सगळा?''

मी जॅकचा दांडा उचलला आणि दादाच्या हातावर घातला. पूर्ण ताकदीनं. त्यानं हात मागे घेतला नाही. मी पुन्हा घातला. कापडवाल्यानं मला मागे ओढलं नसतं तर मी थांबले नसते.

मी पोरीला घेऊन दवाखान्यात गेले. परत आलो तेव्हा दादानं एका हातानं गाडी जॅकवर चढवून डावं बेअरिंग बाहेर काढलेलं होतं. त्यातल्या गोळ्या झिजून खरबरीत झाल्या होत्या. तो ते बेअरिंग घणानं ठेचत बसला होता. दुसरा हात सुजून मांडीवर पडला होता. पोलादाचे तुकडे त्याच्या तोंडावर उडत होते, कपाळ फाटलं होतं, तरी घण थांबत नव्हता. पोरगी त्याच्यासमोर उभी राहिली. मान तिरकी करून, उजवा कान पुढे करून. त्यानं तशी मान आयुष्यभर स्वतः वळवली होती. घण त्याच्या हातातून गळून पडला.

डॉक्टर म्हणाले होते, पडदा भरून येईल. पडदा भरला, त्या कानाचं ऐकणं परतलं नाही.

आता तोच म्हणतो, गाड्या पोरीनं बघायच्या. गाडी ती चालवते, गिऱ्हाईक शेजारी बसतं, आणि मी पुन्हा मागच्या सीटवर बसते. भावासाठी बसले नसते. मोकळ्या रस्त्याला लागलो की तिच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला हळूच बोट लावते. परत आल्यावर ती खाली उतरून चाकाकडे बोट दाखवते आणि गिऱ्हाईक म्हणतं, ''बापाचा कान घेतलाय पोरीनं!''

दादा कोपऱ्यात नट धूत बसलेला असतो. त्याला हे ऐकू येतं. त्यानं पुन्हा कुणावर हात उचललेला नाही. लोक म्हणतात, हातोडा सुधारला. मी म्हणते, आता मारायला उरलंय काय?