सोसायटीतली पहिली विजेची स्कूटर

नव्या युगावर सर्वांत आधी विश्वास टाकणारी माणसं नसती, तर जग एक पाऊलही पुढे गेलं नसतं. आम्ही नवरा-बायकोंनी असा विश्वास टाकला होता. पुढे काय गेलं ते सांगतो.

हडपसरच्या आसपास आयटीच्या काचेच्या इमारती उठत होत्या आणि गुरुवारी दुपारपर्यंत वीज नसायची, ते हे दिवस. स्कूटर घेतली ती बायकोसाठी. तिचे वडील जवळच्याच मांजरी गावात एकटे राहायचे. रोज सकाळी आठला तिने त्यांना इन्सुलिन टोचायचं आणि मग त्यांनी नाश्ता करायचा, असा नेम होता. दुसऱ्या कुणाच्या हातून टोचून घ्यायला सासरे तयार नव्हते. मी तिला रोज माझ्या मोटरसायकलवरून सोडायचो. तिला ते आवडायचं नाही.

"मला कुणी पोचवायला नकोय," ती म्हणायची. "मला जायचंय."

अडचण लायसन्सची होती. तरुणपणी आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढताना तिचा पाय टेकला होता आणि तपासणारा साहेब हसला होता. त्यानंतर तिने त्या रस्त्याने जाणंसुद्धा सोडलं. या विजेच्या स्कूटरला लायसन्स लागत नव्हतं. कंपनी अगदी नवी होती, पण नव्या माणसाला संधी द्यावी असं आमचं मत होतं.

शोरूमच्या उद्घाटनाला समई होती, फीत होती आणि 'क्रांती' हा शब्द प्रत्येक वक्त्याने वापरला. एकदा चार्ज केली की साठ किलोमीटर जाते, असं डीलरने सांगितलं होतं. आमची तिसाच्या आसपास दमायची. मी विचारायला गेलो.

"काकूंचं वजन किती?" डीलर म्हणाला.

"ते कशाला?"

"साठचा आकडा पन्नास किलोवर काढलाय. रस्ता सपाट धरलाय. आणि वारा समोरून नको."

"म्हणजे वाऱ्याला विचारून निघायचं?"

"सवय होईल, काका."

सवय झालीच. तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या गॅलरीतून पार्किंगपर्यंत वायर सोडायची सवय झाली, आणि त्या वायरीबद्दल सेक्रेटरींनी फळ्यावर लिहिलेल्या सूचना वाचायचीही. बुधवारी रात्री चार्जिंगला लावायचं राहिलं, की गुरुवार फुकट. पण एरवी बायको आठच्या ठोक्याला मांजरीत असायची. उसाच्या ट्रॉल्या तिला मागे टाकून जायच्या. परत आली की रेल्वेचं फाटक कसं लागलं आणि आपण तोल सावरत, सगळ्यांच्या पुढे कशा उभ्या होतो, हे मला चहा होईपर्यंत ऐकावं लागायचं. मी ऐकायचो. ती इतकं बोलल्याला बरीच वर्षं झाली होती.

मग दसरा आला. दसऱ्याला गाडी धुवायची, हार घालायचा, हा आपला रिवाज. मी पाईप लावून स्कूटर आतून-बाहेरून स्वच्छ धुतली, झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं. बायकोने किल्ली फिरवली. ती गाडी चालू असतानाही आवाज करायची नाही, त्यामुळे ती बंद पडली आहे हे कळायलाच पाच मिनिटं गेली.

"कंट्रोलर गेला," डीलर म्हणाला. "पाईपने पाणी मारायचं नसतं. पुस्तिकेत आहे."

"आम्हाला पुस्तिका मिळाली नाही."

"छापायला गेलीय."

"मग तुम्ही कुठे वाचलंत?"

"आम्हाला वरून फोन आला ना. दसऱ्याच्या दुपारी. सगळ्यांनीच धुतल्या."

नवा कंट्रोलर चीनहून निघाला होता. तो पुढे तीन आठवडे निघालेलाच होता. या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट कळली. नव्या कंपनीकडून पहिल्या ग्राहकाने गाडीची अपेक्षा ठेवू नये. गाडी अजून बनत असते, आणि काय बिघडतं ते शोधून देण्याचं काम बिनपगारी आपल्याकडे असतं.

पुन्हा मी बायकोला सोडू लागलो. ती मागे बसून एक शब्द बोलायची नाही. एका सकाळी मला ऑफिसात लवकर बोलावलं, ती बसने गेली आणि बस फाटकात अडकली. पोचली तेव्हा साडेनऊ झाले होते. सासरे झाकलेल्या ताटासमोर घड्याळाकडे बघत बसले होते. तिला ते काही बोलले नाहीत. त्याचंच तिला जास्त लागलं.

त्याच आठवड्यात ती मला न सांगता आरटीओत गेली, शिकाऊ लायसन्स काढून आली आणि मुदत भरताच पुन्हा त्या मैदानावर उभी राहिली. मी सोबत येतो म्हणालो, तर नको म्हणाली. दुपारी आली ती हातात कागद घेऊन. आठचा आकडा पूर्ण काढला होता, पाय टेकला नव्हता.

"त्या फाटकात उभं राहून राहून तोल आला," ती म्हणाली.

कंपनीच्या गाडीने आमचं एवढं एकच काम पुरं केलं होतं, म्हणून मी ते मुद्दाम डीलरला जाऊन सांगितलं. त्याला फार आनंद झाला. ग्राहकाचा अनुभव म्हणून फोटोसकट शोरूममध्ये लावतो म्हणाला, आणि परीक्षेला कुठलं मॉडेल नेलं होतं ते विचारलं.

शेजारणीची पेट्रोलची मोपेड नेली होती.