तिघींची खोली

“किचन एकच आहे का गं?”

वैशाली मॅडमनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर विचारलं. ताट माझ्या हातात होतं. थोडं वरण सांडलं.

“हो मॅडम. एकच फ्लॅट, तर किचन एकच असणार.”

“तसं नाही. वाईट वाटून घेऊ नकोस हं. पण तुमच्यात सगळं चालतं ना. मला त्या भांड्यांत जमायचं नाही. तू तुझ्यापुरतं वेगळं बघितलंस तर बरं होईल.”

तुमच्यात. टेबलावरचे सगळे एकदम आपापल्या ताटात बघायला लागले, भेंडीच्या भाजीत काही लिहून ठेवल्यासारखं. आणि मी हसले. हो, हसले. “बघते मॅडम,” म्हणाले, बसले आणि जेवले. त्या हसण्याचा मला अजून लई राग येतो.

शेंद्र्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग बनवणारी आमची कंपनी. मी तिथं क्वालिटीत आहे. मापं तपासणारं एक नवं मशीन जर्मनीहून येणार होतं. ते शिकायला आम्हा तिघींना तिकडं दोन आठवडे पाठवायचं ठरलं. वैशाली मॅडम सगळ्यात सीनियर, मग मी, मग ऋतुजा. साहेब मला म्हणाले, “बजेट टाईट है. शहरात स्वस्तात काहीतरी बघ. तुला ऑनलाइनचं सगळं जमतं.”

जमतं म्हणजे! मी दिवसच्या दिवस त्यातच होते. कंपनीच्या बसमध्ये मुकुंदवाडीला चढले की मोबाईल बाहेर, ते शेंद्रा येईपर्यंत मान वर नाय. हॉटेल स्वस्त दिसायचं, मग कळायचं नाष्टा वेगळा, शहराचा टॅक्स वेगळा. कुठं स्टेशन जवळ, पण संडास कॉमन. कुठं सगळं झकास, पण रद्द केलं की पैसे बुडाले. लोकांचे रिव्ह्यू वाचून वाचून मला त्या शहरातल्या गल्ल्या पाठ झाल्या. शेवटी एक फ्लॅट सापडला. तीन पलंग, छोटं किचन, ट्रामचा थांबा दाराशी. हॉटेलच्या खोल्यांपेक्षा निम्म्यात, आणि रद्द केला तरी पैसे परत. मी बुक करून टाकला.

खरं सांगू? मला त्या शोधण्याचीच नशा चढली होती. पिशोरकडच्या खेड्यातून आपल्या शहरात शिकायला आले तेव्हा खोली शोधता शोधता माझ्या चपला झिजल्या. “खोली आहे. आडनाव काय?” आडनाव सांगितलं की खोली कालच गेलेली असायची. एका बाईनं तर किल्ली हातात दिली होती. आडनाव ऐकलं आणि म्हणाली, “अगं, थांब, ह्यांना विचारते.” किल्ली परत घेतली ती घेतलीच. आणि इथं? किती जणी, किती रात्री, बस्स. मी आडनाव टाकलं, त्या साईटला त्यातलं काय बी कळलं नाय. एका मिनिटात खोली आमची. बसमध्ये मी एकटीच हसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, “काय गं, लॉटरी लागली का?”

तर त्या दिवशी जेवण झाल्यावर मी ऋतुजाला गाठलं. ऋतुजा माझी मैत्रीण. गावाकडं माझ्या घरी येऊन आईच्या हातचं मटण खाल्लेली. रश्शात भाकरी कुस्करून, नाक पुसत पुसत, “काकू, अजून थोडा रस्सा वाढा ना,” म्हणणारी. रविवारी तिच्या घरी मटण झालं की सोमवारी सगळ्या डिपार्टमेंटला सांगणारी. मॅडम तर कौतुकानं ऐकतात.

“तुझं मटण मॅडमना कसं काय चालतं गं?” मी विचारलं.

“मला कशाला मध्ये घेतेस? मॅडम म्हणतील तसं.”

म्हणजे मटणाचा काही संबंधच नव्हता. आम्ही बौद्ध. दरवर्षी जयंतीला मी रजा टाकते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी बॉक्समधून लाडू नेते, त्यातला एक ह्याच मॅडम “शुभेच्छा हं” म्हणत दोन बोटांनी उचलून घेतात. दुकानातला लाडू चालतो. मी हात लावलेलं भांडं चालत नाय.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. व्हिसाच्या कागदांना राहण्याचं बुकिंग जोडायचं होतं, त्याची घाई होती.

“हे बघ, मॅडम सीनियर आहेत. फ्लॅट त्या दोघींना राहू दे. तू जवळपास एखादी सिंगल रूम कर. पैसे कंपनी देईल.”

“कारण काय सांगायचं सर?”

“तूच डिपार्टमेंटच्या ग्रुपवर टाक ना, मला एकटीला राहायला आवडतं म्हणून. म्हणजे कुणाचं नाव येत नाही. विषय खतम.”

कुणाचं नाव येत नाही. हे मी आधी ऐकलं होतं.

मी दुसरीत असेन. आमच्या गावच्या शाळेत आईला खिचडी शिजवायचं काम लागलं. ती सकाळी डोक्यावरून पाणी घेऊन, धुतलेलं पातळ नेसून जायची. आठवडा झाला नाय तोच गावातली पोरं घरून डबे आणायला लागली. पातेलं भरलेलंच राहायचं. आम्ही वस्तीतली चार-पाच लेकरं तेवढी खायचो. मग एक दिवस गावातली मोठी माणसं घरी आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आईला म्हणाली, “बाई, तूच म्हण, मला जमत नाय म्हणून. म्हंजे कुणाचं नाव येत नाय.” आई म्हणाली, “जमत नाय.” दुसऱ्या दिवसापासून ती कापूस वेचायला जायला लागली. गावात अजून सांगतात, तिनं आपणहून सोडलं.

“सांगते सर,” म्हणून मी केबिनबाहेर आले.

संध्याकाळी आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, “जाऊ दे माय. तोंड मिटून जाऊन ये आधी. इमानात बस. भांडायचं ते आल्यावर भांड.”

तिनं सगळ्या गल्लीला सांगून ठेवलेलं, लेक जर्मनीला चालली. मी तिच्यावर खेकसले, “तू मिटलंस ना तोंड? काय मिळालं?” आणि फोन कापला. मग मलाच भरून आलं. तिच्या पदरात दोन लेकरं होती. ती काय करणार होती? तिच्यावरचा राग उतरला आणि तिच्या वतीनं चढला. घरात नुसत्या येरझाऱ्या. गॅसवरचा भात करपला, वास आला तेव्हा कळलं.

आणि माझी बोटं बघा! मोबाईलवर ती सिंगल रूम शोधत होती. सापडली पण. स्वच्छ, स्वस्त, त्याच रस्त्यावर. मी नाव टाकलं, तारखा टाकल्या. शेवटचं बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. ते दाबलं असतं तर मॅडम कॅन्टीनमध्ये काय बोलल्या ते पुसलं जाणार होतं. उरणार होतं एवढंच, की हिला एकटीला राहायला आवडतं. मी ते पान बंद केलं. मग ग्रुपवर लिहिलं:

“मला एकटीला राहायला आवडत नाही. साहेबांनी मला वेगळी खोली घ्यायला सांगितलं आहे. ती मी घेणार नाही. बुकिंग तिघींचं आहे. माझ्यासोबत एका किचनमध्ये राहायला ज्यांना अडचण आहे, त्यांनी ती इथं लिहावी.”

सगळ्यांनी वाचलं. ऋतुजाचा तेवढा वेगळा मेसेज आला, “कशाला वाढवतेस?”

सकाळी बसमध्ये मॅडम स्वतः माझ्या शेजारी येऊन बसल्या. “मी जातपात मानत नाही, तुला माहितीय. तू उगाच त्याला तो रंग देतेस.”

“मग लिहा मॅडम. मोबाईल हातातच आहे. ‘मला चालेल’, एवढंच लिहा.”

त्यांनी मोबाईल पर्समध्ये टाकला. चिकलठाणा गेलं, शेंद्रा आलं, त्या खिडकीबाहेरच बघत बसल्या.

साहेब म्हणाले, “असंच चाललं तर दोघींनाच पाठवावं लागेल.”

पाठवा. मला जायचंय. ते मशीन मला शिकायचंय, विमानातबी बसायचंय, त्यासाठी जीव तुटतो माझा. पण तब्येत, घरची अडचण, माझी आवड, असलं कुठलंच कारण माझ्या तोंडून निघणार नाय. मला वगळायचं तर सरळ वगळा, आणि का वगळलं ते तुम्ही सांगा. तिघींच्या नावाचं बुकिंग मी व्हिसाच्या कागदांना जोडून दिलं आहे. ज्यांना माझं भांडं चालत नाय, त्यांनी आपली खोली आपण शोधावी. मी शोधून देणार नाय.