चेण्याचा दगड

लॅब असिस्टंटकडे किस्से साठतातच. बाटल्या धुताना कान मोकळे असतात ना! पण आमच्या भाईंदरच्या कॉलेजातले माझे सगळे किस्से एकाच दगडाचे. सांगताना हसू कमी, रडू जास्त येतं.

*

भूगर्भशास्त्राच्या गोगटे सरांनी आयुष्यभर उल्का फोटोतूनच शिकवली. रिटायर व्हायला वर्ष उरलं आणि जवळच्या चेणे गावात हिराबाईंच्या घराची कौलं फोडत आकाशातून दगड अंगणात पडला!

"ताज्या दगडातल्या काही खुणा चार-सहा महिन्यांत विझतात रे, आजच हवा!" म्हणत सर माझ्या स्कूटरवर बसले. पोचलो तर अंगणातला दगड पोलिसांनी नेलेला. सर हिराबाईंसकट जमलेल्या गर्दीवर ओरडले, "आणखी तुकडा दिसला तर हात लावू नका! पाण्याचा थेंब नको! आम्ही येऊन नेऊ!"

*

अर्ज करकरून चौकीतून दगड मिळायला दोन महिने गेले. हवालदार कौतुकानं म्हणाला, "चिखल होता सर, साबणानं दोनदा धुतलाय!"

सरांनी दगड नाकाशी नेला; लिंबाच्या साबणाचा वास!

*

मायक्रोस्कोपखाली बघायला पातळ चकती कापायची होती. आमच्याकडे मशीन कुठलं? स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या ओळखीच्या गाळ्यात कटर होता, तिथे मीच दगड दिला. संध्याकाळी कारागीर चकती आणि उरलेला दगड घेऊन हसत आला, "साब, कितना काला पड़ गया था! पूरा चमका दिया!"

ते काळं म्हणजे आकाशातून येताना जळलेली साल. सरांच्या मते अर्धा पुरावा तोच. सरांनी दगड रुमालात गुंडाळून कपाटात ठेवला. मला रागावले असते तर बरं झालं असतं.

*

तरी चकतीत बारीक गोल दाणे दिसले, पृथ्वीहून जुने! सरांनी मोठ्या लॅबला नमुना पाठवला. उत्तर आलं, "दगड उल्काच आहे. मात्र साबण आणि पॉलिशमुळे पुढची तपासणी शक्य नाही. न हाताळलेला तुकडा असल्यास दगड पडल्यापासून सहा महिन्यांच्या आत पाठवावा."

*

सेंडॉफला कॉलेजनं सरांना तोच दगड लाकडी स्टँडवर बसवून भेट दिला. प्राचार्य म्हणाले, "काय चमकतोय!" सर हसले. त्यांच्याबरोबर आमचा विभागही बंद झाला.

*

दुसऱ्या दिवशी मी मायक्रोस्कोप खोक्यात भरत होतो, तर दारात हिराबाई!

"सर कवा येनार? येऊन नेतो म्हनले व्हते, वाट बघून मीच आले. आतल्या खोलीतला दुसरा दगड तसाच हाय. हात न्हाय लावला, पान्याचा थेंब न्हाय. छपरावर ताडपत्री बांधली, अख्खा पावसाला आमी ओटीवर झोपलो!"

मी तिथूनच सरांना फोन लावला. सगळं ऐकून सरांनी पुटपुटत महिने मोजले; दगड पडून वर्ष होत आलं होतं.

मग म्हणाले, "त्यांना सांग, आता हात लावला तरी चालेल."